पट्टी स्वस्तातली चालेल, डबा नाही: मीन वेल एलआरएस-१००-५

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाई असलेले मोकळे. तुमच्याकडे ५ व्होल्टवाली अ‍ॅड्रेसेबल एलईडी पट्टी असेल, म्हणजे जिच्यातल्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो अशी, मीटरला साठ दिव्यांची, पाच मीटरचं रीळ, आणि ती मखरात किंवा देवघरात रोज तासन्‌तास पेटणार असेल, तर मीन वेल कंपनीचा एलआरएस-१००-५ हा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचं कमी व्होल्टचं डीसी करून देणारा डबा, घ्या. ५ व्होल्ट, १८ अँपियर, ९० वॅट. मला दीड हजाराच्या आतबाहेर पडला. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते ओघात येईलच.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवर प्लांटवर झाली. २०२० च्या व्हीआरएसमध्ये बाहेर पडलो आणि तेव्हापासून भाच्याच्या नादाने ईएसपी३२ (पट्टीचे दिवे चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), पट्ट्या, सोल्डरिंग हा उद्योग मागे लागला आहे. एक्स्चेंज चालतं ४८ व्होल्ट डीसीवर. नवा मुलगा ड्यूटीवर आला की त्याला वाटायचं, ४८ व्होल्ट म्हणजे काय, हात लावला तरी कळत नाही. त्याला बॅटरी रूममध्ये नेऊन आम्ही पहिलं वाक्य सांगायचो: अंगठी काढ, घड्याळ काढ. बसबारवर, म्हणजे करंट नेणाऱ्या उघड्या जाड पट्ट्यांवर, एखादा पाना आडवा पडला तर तो उचलायला जाऊ नये, अशी ती जागा. शॉक बसायला व्होल्टेज लागतं. तार तापायला, इन्सुलेशन वितळायला लागतो करंट. सोसायटीतली पोरं पट्टी जोडताना "काका, पाचच तर व्होल्ट आहेत" म्हणाली की मला ती बॅटरी रूम दिसते.

पाचच व्होल्ट आहेत, बरोबर. पण करंटचा हिशेब करा. अशा पट्टीवर बहुधा डब्ल्यूएस२८१२बी जातीचे दिवे असतात. त्यातल्या एका दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन असतात; प्रत्येकाला साधारण २० मिलिअँपियर धरतात, म्हणजे पूर्ण पांढऱ्या उजेडाला एका दिव्याचे ६०. तीनशे दिवे म्हणजे १८ अँपियर. नव्या बनावटीच्या पट्ट्या यापेक्षा कमी खातात, पण हिशेब सर्वांत वाईट वेळेचा करायचा असतो. घरातल्या १६ अँपियरच्या प्लगवर गीझर लावतो, त्याहून जास्त करंट तुम्ही एका पुठ्ठ्याच्या मखरामागून नेताय. वॅट कमी, हे खरं. पण तारेला वॅट कळत नाहीत, अँपियर कळतात.

खरेदी पुण्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत. कोथरूडहून जाणाऱ्यांनी गाडी घरी ठेवावी. वनाजहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदलून मंडई, तिथून चालत. पासोड्या विठोबाच्या बाजूला दुचाकी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो त्यात दोन पट्ट्या सोल्डर करून होतात. मी ज्या दुकानातून घेतो तिथला मुलगा हुशार आहे, पण विकायला बसलाय तो. मी "पाच व्होल्ट, पंधराच्या वर" म्हटल्याबरोबर त्याने काउंटरवर दोन डबे ठेवले.

"काका, हा मीन वेल. आणि हा घ्या, वीस अँपियर, निम्म्या किमतीत. दोन अँपियर जास्तच."

"उचलून बघू का?"

"बघा की."

मीन वेलचा हातात नीट जाणवतो. दुसरा आकाराने तेवढाच, पण पोकळ वाटतो. वजनावरून एसएमपीएस ओळखायचा ही काही शास्त्रीय रीत नव्हे, पण आत ट्रान्सफॉर्मर, चोक आणि कपॅसिटर किती मोठे घातलेत त्याचा अंदाज त्यातून येतो. मुलाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सगळे हलकाच नेतात, काका." नेत असतील.

तो हलका डबा मला विकत घ्यावा लागला नाही, कारण आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाने तसलाच एक आधी आणून ठेवला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. स्टिकरवर "५ व्ही २० ए" लिहिलेलं. दोन्ही डबे टेबलावर शेजारी ठेवले, नायक्रोमच्या (हीटरमध्ये असते तसल्या) तारेचे तुकडे फरशीवर समांतर जोडून भार तयार केला, आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. घेताना विचारून घ्या.) मीन वेल भार नसताना ५.०२ होता, १५ अँपियरला टर्मिनलवर ४.९९. तासाभराने पत्रा कोमट. वीस अँपियरवाला दहालाच ४.६ वर बसला, त्यातून बारीक शिट्टी यायला लागली आणि पत्र्याला बोट टिकेना. मी तिथेच थांबलो. वीसपर्यंत नेऊन तो जळतो का हे पाहण्यात मला रस नव्हता.

त्याचं झाकण उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त खटकली. अर्थिंगचा स्क्रू पत्र्याला लागायला हवा, तिथे रंगाचा थर तसाच होता. म्हणजे तुम्ही बाहेरून अर्थची हिरवी वायर इमानदारीने जोडा, आतल्या पत्र्याला अर्थ मिळालेलं नाही. मीटरने तपासलं तर खरंच कंटिन्युइटी नाही, म्हणजे स्क्रू आणि पत्रा जोडलेलेच नाहीत.

यावर जरा थांबतो, कारण पुण्यात जुन्या बांधकामांत हा प्रकार फार. एसएमपीएसच्या आत मेन्स आणि पत्रा यांच्यामध्ये आवाज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेलं असेल तर त्यातून जाणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर तो पत्र्यावर बसून राहतो, आणि तुम्ही अनवाणी फरशीवर उभं राहून डब्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. "मखराला करंट येतोय" अशी आरडाओरड होते ती बऱ्याचदा यामुळे. तेवढ्याने माणूस मरत नाही, पण आतलं इन्सुलेशन कधी गेलं तर तोच पत्रा २३० व्होल्टवर जातो, आणि तेव्हा अर्थ नसलेल्या घरात एमसीबीही पडत नाही. म्हणून टू पिन टॉप लावून हा डबा चालवू नका. थ्री पिन टॉप, तीन कोअरची केबल, आणि भिंतीतल्या प्लगला खरंच अर्थ आहे का ते मीटरने बघा: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम काही व्होल्ट. मीटर हातात घ्यायची सवय नसेल तर हे काम वायरमनला बोलावून करून घ्या.

मीन वेलच्या डब्याला सात स्क्रू आहेत. एका टोकाकडून फेज, न्यूट्रल, अर्थ, मग दोन मायनस, दोन प्लस. स्क्रू चांगले, थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) घट्ट बसतं. तार नुसती पिळून स्क्रूखाली दाबू नका. तीन केस बाहेर राहतात आणि शेजारच्या स्क्रूला चिकटतात. दुकानात थिंबल मुठीने मिळतात, ते दाबायची क्रिम्पिंगची पकड नसेल तर दुकानदारच दाबून देतो.

आता तो कापलेला अर्धा तारा. २३० व्होल्टचे स्क्रू आणि ५ व्होल्टचे स्क्रू एकाच पट्टीवर, बोटभर अंतरावर. डब्याबरोबर केबल नाही, स्विच नाही, टॉप नाही. हा डबा मुळात कुठल्यातरी मशीनच्या पॅनेलमध्ये बसवायचा, तिथे त्याच्यावर बंद दार असतं, त्यामुळे कंपनीने गैर काही केलेलं नाही. पण आपण तो मखरामागे जमिनीवर ठेवतो, जिथे मोदकाचं ताट घेऊन लहान मुलं रांगत जातात. त्यामुळे डब्याच्या किमतीत एक पेटी धरा. मी वायरमन लोक वापरतात ती मोठी पीव्हीसीची जंक्शन पेटी घेतली, दोन बाजूंना भोकं पाडली, केबल ग्लँड (भोकात केबल घट्ट धरणाऱ्या चकत्या) लावले. हवा खेळायला हवी, कारण यात पंखा नाही. हवाबंद डब्यात कोंडला तर आतली उष्णता आतच राहते. पेटी आणि ग्लँड मिळून फारसा खर्च नाही, पण रविवारची दुपार जाते.

एक चांगली गोष्ट: एलआरएस-१०० ला ११५ की २३० असं निवडायचं बटण नसतं, तो ८५ ते २६४ व्होल्ट स्वतः सांभाळतो. याच मालिकेतल्या २०० आणि ३५० वॅटच्या मोठ्या डब्यांना बाजूला ते बटण असतं. ते घेतलेत तर वीज देण्याआधी बटण २३० कडे आहे का ते टॉर्च मारून बघा. ११५ वर राहिलं आणि आपली वीज दिली तर डबा गेलाच समजा.

एवढं कौतुक केलं, आता या डब्याची जी गोष्ट लोकांना कळत नाही ती सांगतो. लोक म्हणतात, याला ओव्हरलोड प्रोटेक्शन आहे, शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन आहे, म्हणजे काळजी नाही. आहे ना. पण ते प्रोटेक्शन डब्याचं आहे. तारेचं नाही.

हिशेब बघा. पट्टीला जी लाल-पांढरी-हिरवी बारीक वायर लावून येते ती बहुधा २२ गेजची, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश एमएमची. तिचा रोध मीटरला ०.०५३ ओहम. समजा डब्यापासून तीन मीटरवर, मखराच्या कमानीत, प्लस आणि मायनस एकमेकांना चिकटले. पूर्ण शॉर्ट. जाऊन-येऊन सहा मीटर तार, रोध ०.३२ ओहम. पाच भागिले ०.३२ म्हणजे साडेपंधरा अँपियर. डब्याचं रेटिंग अठरा, आणि त्याचं प्रोटेक्शन ११० टक्के ओलांडल्याशिवाय जागं होत नाही. म्हणजे मखरात डेड शॉर्ट झालाय आणि डबा म्हणतोय, सगळं ठीक. त्या बारीक तारेत पाऊणशेच्या वर वॅट जिरतायत, आणि ती तार कागदाला, कापडाला, पुठ्ठ्याला चिकटलेली आहे. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेला ते बरंच झालं, पण क्रेप कागद काही कमी पेटत नाही.

म्हणून मोठा डबा घेतला म्हणजे जास्त सुरक्षित हा समज डोक्यातून काढा. दोन अँपियरचा मोबाइल चार्जर शॉर्ट झाला की मान टाकतो. अठरा अँपियरचा डबा मान टाकत नाही, तार टाकते. डबा मोठा घ्यायचा तो थंड राहावा म्हणून, आणि मग प्रत्येक तारेला तिच्या जाडीच्या मानाने फ्यूज लावायचा.

फ्यूज तापकीर गल्लीतही मिळतात, काचेचे. मला गाडीतले पात्याचे फ्यूज आवडतात. नाना पेठेतल्या ऑटो स्पेअर्सच्या कुठल्याही दुकानात वायरसकट होल्डर मिळतो, झाकण घट्ट बसतं, रंगावरून अँपियर कळतात: जांभळा ३, मातकट ५, तपकिरी साडेसात, लाल १०. उडाला की पारदर्शक प्लास्टिकमधून तुटलेली तार दिसते. पाचचा फ्यूज पाचाला लगेच उडत नाही, हे लक्षात ठेवा. दुप्पट करंट गेला की काही सेकंदांत उडतो. म्हणून तार फ्यूजपेक्षा चांगली दणकट हवी. आणि फ्यूज डब्याच्या जवळ लावायचा, पट्टीच्या जवळ नाही. तो तारेसाठी आहे. तार जिथे सुरू होते तिथेच त्याची जागा. भाच्याने होल्डर सुबक दिसावा म्हणून कमानीपाशी नेला होता, मी तो परत आणायला लावला.

माझ्या मखराची मांडणी अशी. तीनशे दिव्यांची सलग पट्टी. डब्यापासून चार जोड्या निघतात, प्रत्येक जोडी एक एमएमची, प्रत्येकीच्या प्लसला पाचचा फ्यूज. एक जोडी पट्टीच्या सुरुवातीला, एक शेवटाला, दोन मध्ये. लोक विचारतात एवढ्या वायरी कशाला, पट्टी तर सलग आहे. आहे, पण पट्टीतला तांब्याचा पापुद्रा किती पातळ असतो ते एकदा कातरून बघा. फक्त एका टोकाने वीज देऊन सगळे दिवे पांढरे केले तेव्हा सुरुवातीला ५ व्होल्ट, आणि पाचव्या मीटरला साडेतीनच्याही खाली. शेवटचा मीटर पांढरा नव्हताच, आधी पिवळट आणि पुढे चक्क लालसर. कारण लाल एलईडीला दोन व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला तीनच्या वर लागतात. व्होल्टेज घसरलं की निळा आधी दमतो. पट्टीचा पहिला वीतभर भाग तेव्हा हाताला गरम लागत होता, कारण सगळ्यांचा करंट तिथूनच जात होता. चार ठिकाणी वीज दिल्यावर रंग एकसारखा, ऊब कुठेच नाही.

यातली एक बारीक खोच. पट्टीची प्लस रेघ सलग ठेवलीत आणि एक फ्यूज उडाला, तर त्या भागाला शेजारचे दोन वीज देत राहतात. दिवे पेटलेले दिसतात, कोणाला पत्ता लागत नाही, आणि शेजाऱ्यांवर भार चढतो. ज्यांना सोल्डरिंग जमतं त्यांनी दोन भागांमधली फक्त प्लसची रेघ कापावी. मायनस आणि डेटा (दिव्यांना रंगाचा हुकूम नेणारी रेघ) सलग ठेवावेत. मग फ्यूज उडाला की तेवढाच भाग विझतो आणि चूक कुठे आहे ते समोर दिसतं. मी तसं केलं आहे.

डब्याच्या कडेला व्होल्टेज कमीजास्त करायचा बारीक स्क्रू आहे, साडेचार ते साडेपाच. काही जण पट्टीतली घट भरून काढायला तो वर नेतात. डब्ल्यूएस२८१२बी च्या डेटाशीटमध्ये ५.३ व्होल्टपर्यंतच परवानगी आहे. म्हणजे शेवटचा दिवा उजळायला जाल आणि पहिल्या दिव्याला मारून टाकाल. घट तांब्याने भरून काढायची. एक एमएमच्या तारेने दोन मीटरवर दहा अँपियर नेले तर जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट जातात. दीड एमएमने ०.४७, अडीचने ०.२८. किंवा करंट चार जोड्यांत वाटा, म्हणजे एक एमएमही पुरते. दुकानात "एक एमएम", "दीड एमएम" एवढं म्हटलं की चौरस मिलिमीटर असंच समजतात. फक्त तांब्याची आहे ना ते विचारा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त स्पीकर वायरही त्याच गल्लीत मिळते, आणि खरवडल्याशिवाय कळत नाही.

पट्टीबरोबर येणारे ते तीन पायांचे पांढरे-काळे जेएसटी कनेक्टर ३ अँपियरचे असतात. डेटासाठी उत्तम. सगळ्या पट्टीची वीज त्यातून नेऊ नका. आणि ब्रेडबोर्डमधून (सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीतून) तर मुळीच नाही; मी ब्रेडबोर्डचं प्लास्टिक मऊ झालेलं पाहिलं आहे. ईएसपीच्या किंवा आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनमधून पट्टीला वीज देणारेही अजून भेटतात. लॅपटॉपचा जुना यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपियरच द्यायला बांधील आहे. तेवढ्यात पूर्ण पांढरे दिवे किती, आठ.

बाकीची नेहमीची कामं सगळ्यांना माहीत असतात, म्हणून एका दमात: वीज जिथे पट्टीत शिरते तिथे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटाच्या वाटेत पहिल्या दिव्याजवळ ३३०-४७० ओहमचा रोध, ईएसपी आणि डबा यांचा मायनस एकत्र. ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा डेटा देतो आणि पट्टी पाच व्होल्टला किमान साडेतीन मागते. कधी चालतं, कधी दिवे वेड्यासारखे लुकलुकतात, आणि लोक त्याचं खापर डब्यावर फोडतात. डेटा पाच व्होल्टपर्यंत उचलणारी ७४एएचसीटी१२५ नावाची चिप लावा, प्रश्न मिटतो. ईएसपीला लॅपटॉपमधून प्रोग्राम करताना डब्याकडून येणारी पाच व्होल्टची वायर काढून ठेवा, नाहीतर दोन्हीकडची वीज एकमेकांत घुसते. आणि रीळ गुंडाळलेलं असताना पट्टी पूर्ण उजेडात "जरा बघू" म्हणून पेटवून ठेवू नका. उष्णता जायला जागाच नसते.

ईएसपीवर डब्ल्यूएलईडी हे पट्टी चालवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक. त्यात पट्टीने जास्तीत जास्त किती करंट घ्यावा ते मिलिअँपियरमध्ये भरता येतं. मी १०००० भरले आहेत, म्हणजे १८ चा डबा १० वर चालतो, निवांत. उजेड कमी पडतो का? आरतीला आलेल्यांपैकी कोणीही तसं म्हटलं नाही; दोघांनी उलट डोळ्यांवर येतंय म्हणून कमी करायला लावला. पण ही मर्यादा हिशेबाने पाळली जाते, मोजून नाही. कुठल्या दिव्याला किती रंग पाठवला त्यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. कमानीत तार घासून शॉर्ट झाली तर त्याला ते कळण्याचं काही साधन नाही. फ्यूज तो फ्यूज.

हा डबा कोणी घेऊ नये? ज्यांचं काम तीसचाळीस दिव्यांचं आहे त्यांनी. घड्याळ, टेबल लॅम्प, पोराचं शाळेचं प्रोजेक्ट. तिथे उघड्या स्क्रूंचा आणि मेन्सच्या वायरिंगचा धोका घरात आणायची गरजच नाही. चांगल्या कंपनीचा बंद चार्जर, ५ व्होल्ट ३ अँपियरचा, रास्पबेरी पायसाठी मिळतो तसला, पुरे झाला. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि "आर-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. डब्ल्यूएलईडीत २००० भरा आणि विसरून जा.

दिवाळी जवळ आली की आकाशकंदिलाचं विचारणारे खूप असतात. कंदील गॅलरीत, डबा घरात, हे नक्की. मेन्सची वायर बाहेर नेऊच नका. ऑक्टोबरचा पाऊस पुण्यात सांगून येत नाही. माझ्या कंदिलात साठ दिवे आहेत, मर्यादा २ अँपियर, डबा सहा मीटर लांब. दीड एमएमच्या तारेत त्याला पाव व्होल्टच्या जरा वर घट येते, चालतं. ईएसपी कंदिलातच बसवला आहे, कारण सहा मीटर लांब डेटा नेला की तो वाटेत बिघडतो. घरातून फक्त दोन तारा जातात, आणि डब्यापाशी जांभळा फ्यूज. दिवे कागदाला टेकत नाहीत, मधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवले आहेत. यापेक्षा लांब कंदील असेल, म्हणजे बंगल्याच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या गेटवर, तर ५ व्होल्टचा हट्ट सोडा आणि १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ पट्टी घ्या. करंट बराच कमी लागतो, घट जाणवत नाही, आणि तिला डेटाची जादा तार असल्याने मधला एक दिवा मेला तरी पुढचे चालू राहतात. डबा याच मालिकेतला, पण शेवटचा आकडा १२ चा.

घेताना बिल घ्या. मीन वेल या मालिकेला तीन वर्षांची वॉरंटी देते, आणि बिलावर "एसएमपीएस १ नग" एवढंच असेल तर त्याचा उपयोग नाही. पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, डब्यावरच्या लेबलाशी ताडून बघा. त्या मुलाने आधी कंटाळा केला, मग लिहून दिलं.